माझ्या नावावरची दोन बोटं

“तुमच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत,” डॉक्टरीण म्हणाली.

ती स्क्रीनकडे बघून बोलत होती. माझा उजवा हात तिच्या टेबलावर पालथा पडला होता, तिनेच ठेवायला सांगितला होता, आणि त्याला पाचही बोटं होती. त्यातलं मधलं हल्ली सकाळी वाकलेलं असतं ते सरळ व्हायचं नाव घेत नाही. जोर केला की कट् करून उघडतं आणि डोळ्यांत पाणी येतं. एवढ्यासाठी मी अर्धी रजा टाकून आले होते. डॉक्टरीण वाचत राहिली. तर्जनी आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून. लाँड्रीतलं इस्त्रीचं मशीन. अकरा वर्षांपूर्वी, ह्याच हॉस्पिटलात. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं आणि मोकळेपणी हसली. “नवी फुटली वाटतं!” मीही हसले. माझं हे जुनंच आहे, भीती वाटली की मी आधी हसते. पोरगी तरुण होती, मला मुलगी असती तर तिच्या वयाची असती. “दुसऱ्या कुणाचं तरी तुमच्या नावावर चढलंय. होतं असं कधी कधी. काढून टाकू,” ती म्हणाली आणि खणातून एक छापील कागद काढून तिने माझ्यापुढे सरकवला. नोंद दुरुस्तीचा अर्ज. “बाहेर बसून भरा. पहिल्या चौकटीत खूण करायची, खाली सही. नर्स नाव पुकारेल तेव्हा आत या, मग बोटाचं बघू. पण हे आधी. नाहीतर मी नसलेल्या बोटावर उपचार केले असं दिसायचं.”

बाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती, एकमेकींना जोडलेली, म्हणजे टोकाच्या माणसाने पाय हलवला की आपणही हलतो. टोकाला एक म्हातारा पाय हलवत बसला होता. मी अर्ज मांडीवर घेतला. पहिली चौकट: नोंद चुकून झाली आहे, काढून टाकावी. दुसरी चौकट: नोंद दुसऱ्या व्यक्तीची आहे. तिच्यापुढे त्या व्यक्तीच्या नावासाठी ठिपक्यांची ओळ, आणि खाली, ‘असे कसे घडले ते थोडक्यात लिहा’. थोडक्यासाठी अडीच ओळी सोडल्या होत्या. ज्याने कुणी हा अर्ज तयार केला त्याचं आयुष्य सरळ गेलं असणार. पहिल्या चौकटीत खूण करायला मला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नसता, आणि खरं सांगायचं तर हात तिकडे गेलाही होता. पेनाचं टोक कागदाला टेकलं, बारीकसा निळा ठिपका उमटला आणि तिथेच थांबलं.

बोटं धाकटीची होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. दीर तिला ह्या देशात घेऊन आला, वर्षभर राहिला, मग जहाजावर नोकरी मिळाली म्हणून गेला आणि कुठल्याशा बंदरात उतरला तो उतरलाच. ती आमच्याकडे राहिली, मागच्या खोलीत. आम्हा नवराबायकोकडे इथे राहायचा, काम करायचा परवाना होता. तिच्याकडे काही नव्हतं. पाहुणी म्हणून आली, पाहुणीची मुदत संपली आणि ती गेली नाही, एवढाच तिचा गुन्हा. ह्याला आता तेरा वर्षं होतील. आणि ह्या वर्षाच्या सुरुवातीला जाहीर झालं की जे बिनकागदाचे लोक दहा वर्षं सलग इथे राहिलेत त्यांना कागद मिळतील, फक्त राहिल्याचा पुरावा द्यायचा. मुदत ह्या महिनाअखेरपर्यंत. आज एकोणीस तारीख. मी तिला मदतकेंद्रात घेऊन गेले होते. तिथली वकीलबाई बोलायला गोड होती. “एक कागद आणा,” ती म्हणाली. “जास्त नको. दहा वर्षांपूर्वी तुम्ही इथे होतात असं सांगणारा एक कागद. पगाराची चिठ्ठी, भाडेपावती, दवाखान्याची नोंद, काहीही.” धाकटी मान खाली घालून ऐकत होती. भाडेपावती आमच्या ह्यांच्या नावाची. फोन माझ्या नावाचा. लाँड्रीतलं तिचं सव्वा वर्ष, तेही माझ्या नावावर. ह्या देशात तिने काढलेल्या वर्षांचा कुठेही, कुणाच्याही वहीत पत्ता नव्हता. दवाखान्याची नोंद, हे शब्द वकीलबाईने उच्चारले तेव्हा मला काही आठवलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आठवलं. मी त्या आठवणीला बस म्हटलं, ती बसली. घरी येताना धाकटी बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी तिला म्हणत होते, “बघू गं, काहीतरी निघेल.” असं मी फार छान म्हणते.

आणि आता निघालं होतं. त्या स्क्रीनवर एक हात होता, एक्स-रेसकट, माझ्या नावाचा आणि माझ्या हाताशी न जुळणारा. धाकटीने आपला हात शेजारी ठेवला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं की हा कुणाचा. पण त्यासाठी दुसऱ्या चौकटीत खूण करायला हवी होती, म्हणजेच कबूल करायला हवं होतं की मी माझं नाव दुसरीला वापरू दिलं, सरकारी हॉस्पिटलात खोटं बोलले, खोटी सही केली. माझ्या परवान्याची मुदत दोन वर्षांनी संपते. वृद्धाश्रमात मी ज्या आजीआजोबांना अंघोळ घालते, जेवण भरवते, ते काम माझ्या चारित्र्याच्या दाखल्यावर मिळालेलं आहे. हे गेले त्याला चार वर्षं झाली. ह्या वयात मला कुठून तरी हाकललं तर जायला जागा आहे का, ह्याचा विचार मी रोज करते, दात घासताना वगैरे. धाकटीही करत असेल. ती तेरा वर्षं करत आली असेल, पण आम्ही कधी ह्या विषयावर बोललो नाही.

नाव उसनं देणं आमच्या लोकांत नवं नव्हतं. आधी आलेल्याने मागून आलेल्याला एखादं पातेलं द्यावं तसं नाव द्यायचं. काम झालं, कागद झाले की परत घ्यायचं. “नाव काय झिजतं का वापरून?” हे म्हणाले होते. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल ह्यांचा हात फार सढळ. मी त्या लाँड्रीत तीन वर्षं काढली होती आणि तेव्हाच मला एका शाळेत झाडलोटीचं काम मिळालं, ज्याची कुठे लिखापढी नव्हती. मग एका सोमवारी लाँड्रीत मी गेले नाही, धाकटी गेली. माझा एप्रन, माझं हजेरीचं कार्ड, माझा डबा. तिथे एक मुकादम होता, त्याच्या आवाजावरून आम्ही सगळ्या त्याला भोंगा म्हणायचो. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं म्हणे, आणि म्हणाला, “रविवारात बरीच बारीक झालीस,” आणि तिला मशीनवर उभं केलं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. आपण कसं सगळ्यांना उल्लू बनवलं असं आम्हाला वाटत होतं.

वर्षभरात माझं नाव तिच्या अंगाला चांगलं बसलं. बाजारात कुणी हाक मारली की ती आधी वळायची. लाँड्रीतल्या बायका रस्त्यात भेटायच्या, तिला माझ्या नावाने हाका मारायच्या, आणि मी शेजारी पिशव्या धरून उभी. मला तेव्हापासून एक सवय लागली ती लागलीच: नाव ऐकलं की जागच्या जागी थांबायचं, दुसरं कुणी वळतंय का ते पाहायचं आणि मग आपण. घरातसुद्धा तिचं नाव घ्यायचं आम्ही सोडलं, न जाणो, कुणाच्या कानावर पडायचं. मी तिला ‘अगं’ म्हणायचे, हे ‘ऐक गं’ म्हणायचे. तिचं नाव सुंदर आहे, तिच्या आजीने हट्टाने ठेवलेलं. मी ते शेवटचं कधी उच्चारलं, खरंच आठवत नाही.

इस्त्रीचं ते मशीन म्हणजे दोन लांबलचक तापलेले रूळ. हॉटेलांच्या ओल्या चादरी यायच्या. दोघीजणींनी चादरीची दोन टोकं चिमटीत धरायची, एक झटका देऊन ती ताठ करायची आणि रुळांच्या तोंडाशी काठ सरळ लावायचा; मग ते रूळ चादर आपल्या गतीने ओढून घेतात, पलीकडे वाफाळलेली, कडक बाहेर पडते. चिमूट योग्य वेळी सोडता आली पाहिजे, सगळी कला तेवढीच. कमरेइतक्या उंचीवर एक लाल दांडी असते, ती दाबली गेली की मशीन बंद. पण ती पोट लागलं तरी दाबली जायची आणि दर दहा मिनिटांनी सगळं थांबायचं, म्हणून फाटलेल्या चादरीची पट्टी काढून ती वर बांधून ठेवलेली असे. माझ्या वेळेपासूनच बांधलेली होती. कुणी बांधली ते मला आठवत नाही आणि आठवायचा मी फारसा प्रयत्नही केलेला नाही. त्या दिवशी एका काठाचा उसवलेला दोरा धाकटीच्या बोटांभोवती गुंतला.

फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. लाँड्री बारा मिनिटांवर. मी पळत गेले. धाकटी दाराशी खुर्चीवर बसली होती, हात टॉवेलात गुंडाळलेला, चेहरा त्या चादरींसारखा. गाडी सुरू करून ठेवली होती, आणि भोंगा हातात एक फॉर्म घेऊन उभा होता. ज्याच्या एका ओरडण्याने आम्हा वीस बायकांच्या छातीत धस्स व्हायचं, तो त्या दिवशी हळू बोलत होता. “हिचं खरं नाव सांग,” तो मला म्हणाला. “अपघाताच्या फॉर्मवर खरं नाव लागतं. ही तू नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. खरं लिहिलं तर हिचं सगळं रीतसर होईल.” मी त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याला घाबरले तो गोड बोलतो म्हणजे काहीतरी डाव आहे, हे माझं गणित पक्कं होतं. “हीच मी आहे,” मी म्हटलं. “मग तू कोण?” “मी इथे नाहीच.” त्याने पेनाचं टोपण काढलं. “तुझी मर्जी,” म्हणाला आणि माझं नाव लिहिलं. धाकटी माझ्याकडे बघत होती. तिला तेव्हा इथली भाषा जेमतेम यायची, आमचं काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. “जाऊबाई, मला घरी न्या ना,” एवढंच ती म्हणाली. ह्याच हॉस्पिटलात, बहुधा ह्याच मजल्यावर, तिला नाव विचारलं तेव्हा तिने एवढ्या वेदनेतही न अडखळता माझं नाव सांगितलं, आणि मला तिचा अभिमान वाटला. कसला अभिमान तो!

म्हाताऱ्याने पाय हलवायचं थांबवलं होतं. त्याला डुलकी लागली होती. समोरच्या दारातून नर्स बाहेर आली, कुणा दुसऱ्याचं नाव पुकारून आत गेली. अर्जावरचा निळा ठिपका पहिल्या चौकटीच्या आत होता की काठावर, ते मी चष्मा काढून पाहिलं. काठावर होता.

खरी गोष्ट पुढेच आहे आणि ती कुणालाच ठाऊक नाही, असं मी समजत होते. अपघातानंतर तीन आठवड्यांनी कामगार खात्याचा एक माणूस घरी आला. येणार असल्याची चिठ्ठी आधी आली होती, म्हणून तयारीला वेळ मिळाला. बोटं माझी गेली होती, तेव्हा पट्टी मला हवी. नवी पट्टी बांधली तर कोरी दिसेल, म्हणून धाकटीच्याच हाताची पट्टी सोडून माझ्या हाताला बांधली, मलमाचे आणि रक्ताचे डाग बाहेर दिसतील अशी. ही कल्पना माझी. सोडताना ती चिकटली होती, तर धाकटीने ओठ दाबून धरले आणि तोंडातून आवाज काढला नाही. पट्टी तिच्या अंगाने कोमट होती. तिच्या उघड्या हाताभोवती मी धुतलेला रुमाल गुंडाळला आणि वरून शाल पांघरायला दिली. तो माणूस आला, सर्दीने बेजार, शिंकत, सारखी माफी मागत. मी उजवा हात उशीवर उंच धरून बसले होते. धाकटीने डाव्या हाताने चहा आणला, मी डाव्या हाताने घेतला. “तुम्ही दोघी डावखुऱ्या वाटतं,” तो म्हणाला, आणि मी हसले. मग त्याने हात बघू का विचारलं. डॉक्टरांनी उघडायला मनाई केली आहे म्हटलं तर बिचाऱ्याला बरंच वाटलं. त्याने बॅगेतून पत्रक काढलं आणि त्यातली कलमं रोज वाचत असल्यासारखी भराभर वाचून दाखवली. कामगार कायमचा असो की रोजंदारीचा, परवाना असलेला असो की नसलेला, कामावर लागलं तर उपचार मिळतील. उरलेली बोटं पुन्हा वळावीत म्हणून दुसरी शस्त्रक्रिया, व्यायाम शिकवणारा माणूस. बरं झाल्यावर झेपेल असं काम. तक्रार केली म्हणून मालकाला धमकी देता येणार नाही, काढता येणार नाही. मागणी करायला मुदत दोन वर्षं.

परवाना नसलेला असो. मी हे ऐकलं. कान बहिरे नव्हते माझे. पण मला वाटलं, हा मुद्दाम माझ्या तोंडाकडे बघत वाचतोय, आपण कुठे चमकतो ते पाहतोय. कायदा म्हणजे आम्हाला पकडायची वस्तू, ती आमच्या बाजूने बोलते हे माझ्या टाळक्यात शिरायला जागाच नव्हती. दार उघडं असल्याचं कुणी सांगितलं तर आत कोण दबा धरून बसलंय हेच आम्ही आधी बघणार. “मला काही नको,” मी म्हटलं. “माझं बरं आहे.” “पुढचे उपचार?” “नकोत.” “झेपेल असं काम?” “नको. मी आता घरीच राहणार.” त्याला जरा नवल वाटलं, पण शिंक आली आणि ते नवल राहून गेलं. त्याने कागद पुढे केला, पूर्ण समाधान असून पुढील काही मागणी नाही. उजव्या हाताला पट्टी, म्हणून मी डाव्या हाताने सही केली, वाकडीतिकडी, आणि तो सद्गृहस्थ कागद हलू नये म्हणून बोटाने दाबून धरत होता. गेल्यावर धाकटी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. “काय म्हणाले हो?” तिने विचारलं. “काही नाही. सही घेऊन गेले,” मी म्हटलं. मग पट्टी परत तिच्या हाताला बांधली. पत्रक मी कपाटात, मधल्या फळीवरच्या कागदाखाली सारून ठेवलं. फाडून टाकायचा धीर झाला नाही.

मुदतीच्या त्या दोन वर्षांत मला समजत गेलं. एकदम नाही. शाळा सोडून मी तोवर वृद्धाश्रमात लागले होते; तिथे एक बाई कामाला होती, तीही बिनकागदाची. पायरीवरून पडून तिचा पाय मोडला आणि तिला उपचार मिळाले, तिच्याच नावाने, कुणी तिला पकडून नेलं नाही. तो दिवस मला लख्ख आठवतो. मुदतीचे आठ महिने शिल्लक होते. घरी जाऊन सांगायचं, असं ठरवून मी निघाले. वाटेत मी शब्द जुळवत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच यायचं: तुझ्या हाताचं जे काही होऊ शकलं असतं ते मी नको म्हणून सांगितलं. डाव्या हाताने. जिन्यापाशी येईपर्यंत मी ठरवलं, उद्या. उद्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, मग काही दिवस दवाखाना, मग दुसरंच काही. कारणं कधी कमी पडत नाहीत. धाकटीची राहिलेली खुंटं कडक होत गेली, थंडीत निळी पडायला लागली. ती अंगठ्याने आणि अनामिकेने लसूण सोलायला शिकली, डाव्या हाताने लिहायला शिकली, गुंड्या दातांनी ओढून लावायला शिकली. इथली भाषाही माझ्यापेक्षा चांगली बोलायला लागली. एकच गोष्ट तिला जमली नाही. वेणी. तिचे केस लांब आहेत, आणि वेणीचे तीन पेड धरायला ती दोन बोटं लागतातच. म्हणून अकरा वर्षं रोज सकाळी मी तिची वेणी घालते. ती माझ्याकडे पाठ करून खाली बसते, मी पलंगावर. मला ही वेळ आवडते, कारण तिचा चेहरा दिसत नाही. ती सहसा बोलत नाही तेव्हा. तिला सकाळी बोलायला आवडत नाही, असं मी धरून चालले होते.

मी फोन काढला आणि घरी लावला. का लावला ते मला सांगता येणार नाही. बहुधा तिच्याकडून काढून टाका असं ऐकायचं होतं, म्हणजे पहिली चौकट तिच्या सांगण्यावरून झाली असती.

“काय म्हणतेय डॉक्टरीण?” ती म्हणाली. मागे नळाचा आवाज येत होता. “बोट कापायचं नाही ना? एका घरात तीन म्हणजे जरा अतीच होईल.”

“अगं, तुझी बोटं इथे निघाली. माझ्या नावावर. चुकून झालंय म्हणून काढून टाकायला सांगतायत.”

नळाचा आवाज तसाच चालू राहिला. “मग टाका काढून.”

“वकीलबाईनं दवाखान्याची नोंद चालेल म्हटलं होतं.”

“ऐकलं होतं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही पण नाही बोललात,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “म्हटलं, तुमच्या लक्षात असणारच. तुमच्यावर शेकेल म्हणून गप्प असाल. मग मी कशाला बोलू.”

 इतकं बोलून झालं होतं तर ते उरलेलंही बोलून टाकावं असं वाटलं. “ऐक. तो खात्याचा माणूस आला होता ना तेव्हा, त्यानं एक पत्रक...”

“मधल्या फळीवर. कागदाखाली.”

खुर्च्यांची रांग हलली. म्हातारा जागा झाला होता. मी विचारलं, “तू वाचलंस?”

“त्याच महिन्यात. फळीचा कागद बदलायला घेतला होता. मागच्या पानावर आपल्या भाषेत होतं की सगळं.” ती म्हणाली. “अहो, पण मागणी करायची म्हणजे तुम्ही काय केलंत ते आधी सांगायला लागणार. तुमच्या घरात राहून तुमच्यावरच कशी तक्रार करायची? भाऊजींना काय वाटलं असतं? म्हटलं, जाऊबाई आपणहून म्हणतील, चल गं, जाऊन येऊ. म्हणून थांबले होते.”

“किती दिवस?”

“मुदत होती तितके दिवस,” ती म्हणाली. “मग सोडून दिलं. ठेवू का? बादली भरली.”

तिने फोन ठेवला. मी फोन कानालाच धरून बसले. दोन वर्षं म्हणजे सातशे तीस सकाळी. सातशे तीस वेळा ती माझ्याकडे पाठ करून खाली बसली आणि मी तिचे केस विंचरले, तीन पेड घातले, शेवटी रबर लावलं, आणि ती वाट बघत होती. मी हळूच म्हणत असे, झालं गं. आणि ती उठत असे. एकदा, मला आता आठवलं, रबर लावून झाल्यावरही ती उठली नव्हती. बराच वेळ तशीच बसून राहिली. मी विचारलं, काय गं, झालं ना? तर म्हणाली, काही नाही, मला वाटलं तुम्ही काही बोलताय. तो दिवस मुदतीच्या कितव्या टोकाला होता ते मला माहीत नाही. मी त्या दिवशी कामावर जायच्या घाईत होते.

मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. ठिपक्यांच्या ओळीवर तिचं नाव लिहिलं, आडनाव आधी माहेरचं आलं, ते खोडून सासरचं लिहिलं, आमचं आडनाव एकच आहे हे मी विसरले होते. मधलं बोट वाकून बसलं, कट् करून सरळ करावं लागलं. मग खाली लिहिलं: नाव माझं आहे, हात हिचा आहे. भीतीने मी खोटं सांगितलं आणि हिचे उपचार मी नाकारले. हिची ह्यात चूक नाही, हिला विचारलंच नव्हतं. हे सगळं दोन ओळींत बसलं, अर्धी ओळ उरली. अर्ज तयार करणाऱ्याला मी उगाच नावं ठेवली होती. सही उजव्या हाताने केली. ह्या एका कागदाने तिचं सगळं होईल की नाही मला ठाऊक नाही, आणि माझं काय होईल तेही नाही; अकरा दिवस उरलेत, वकीलबाईला दुपारीच गाठायला हवं. त्या दोन वर्षांचं मात्र आता काही करता येत नाही. त्यासाठी कुठे अर्ज नाही.

दार उघडलं आणि नर्सने माझं नाव पुकारलं. सवयीने मी जागच्या जागी थांबले, दुसरं कुणी वळून बघतंय का ते पाहायला. कुणी वळलं नाही. तिने पुन्हा पुकारलं. मी “आले” म्हटलं आणि उठले.